मटिल्डा टीचरचं ‘फसलं’

मटिल्डा रुमाव यांना वसईजवळच्या नंदाखालात नावानं हाक मारणारी माणसं आता चार-दोनच उरली आहेत. बाकी सगळ्यांच्या त्या टीचर. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये जवळजवळ तितकीच वर्षं ऑर्गन वाजवला. दोन्हीकडे ख्याती एकच, चूक सापडली की बाई सोडायच्या नाहीत. गणितात हातचा विसरला तर एक वेळ माफी मिळे. पण कोरसच्या सरावात अल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या पोरी वरच्या पट्टीतल्या सोप्रानोच्या मागे वाहवत गेल्या, की टीचर ऑर्गन थांबवून, मान वळवून, चष्म्यावरून नुसतं बघत. त्या बघण्याला घाबरून सुरात आलेल्या दोन पिढ्या आज गावात आहेत.

निवृत्त झाल्यावर अशा बाईनं गुडघ्याला तेल चोळत स्वस्थ बसावं, ही गावाची अपेक्षा. टीचरनी ‘दरवळ’मध्ये पान धरलं. ‘दरवळ’ म्हणजे गावातून निघणारं मासिक. कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं वर्षश्राद्ध, केळीवर पडलेला रोग आणि परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो, असं सगळं त्यात येतं. शेवटून दुसऱ्या पानावर टीचर. विषय एकच, हिंदी सिनेमाची गाणी. “या वयात बाईला हे काय सुचलं?” असं सुरुवातीला काहींनी म्हणून पाहिलं. पुढे तेच लोक अंक हातात पडला की मागून उघडायला लागले.

टीचरची पद्धत ठरलेली. प्रत्येक गाणं तीन वेळा घ्यायचं. पहिल्यांदा काम करता करता, म्हणजे बोंबील साफ करताना किंवा लसूण सोलताना ऐकायचं. दुसऱ्यांदा खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून ऐकायचं. तिसऱ्यांदा ऐकायचं नाहीच, घरातल्या जुन्या पायपेटीवर एका बोटानं वाजवून बघायचं. ढोल नाही, गिटार नाही, गाणाऱ्याचा गोड गळा नाही. एका बोटावर जी उभी राहते ती चाल, आणि जी कोसळते ती सजावट. मग लेखाचे दोन भाग पडत, ‘जमलं’ आणि ‘फसलं’. बारा वर्षांत एकाही सिनेमाला यातला एकच भाग मिळाला नाही. मोठ्या नावाच्या संगीतकारालाही ‘फसलं’ मिळे आणि आठवड्यात उतरलेल्या सिनेमालाही ‘जमलं’ मिळे. वाचणारे खूश असायचे. मुंबईतले मोठे लोक फसलेले वाचायला कुणाला आवडत नाही?

घोड्यानं पेंड खाल्ली ती केनीपाशी.

केनी इथलाच, बापाच्या केळीच्या वाडीत वाढलेला. नवव्या वर्षी टीचरकडे ऑर्गन शिकायला आला तेव्हा त्याचे पाय खाली पोचत नव्हते, म्हणून टीचरनी पायपेटीच्या पेडलवर लाकडाचे ठोकळे बांधले. कान असा, की एकदा ऐकलेलं दुसऱ्यांदा विचारायचा नाही. टीचरनी लग्न केलं नाही. हे पोर आपलं आहे असं त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत, पण वाटायचं तसंच, आणि ते लपवायला त्या त्याला इतरांपेक्षा दुप्पट ओरडायच्या. पुढे केनी अंधेरीला गेला, दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत की-बोर्ड वाजवत राहिला, आणि एकतिसाव्या वर्षी त्याला अख्खा सिनेमा मिळाला. ‘मीठे पानी का गाँव’. गाण्यांचाच सिनेमा, समुद्राकाठचं गाव, सहा गाणी, आणि पोस्टरवर खाली त्याचं नाव.

गाव बेभान झालं. नाक्यावर ‘आपला केनी’ असा फलक लागला. त्यावर केनीपेक्षा फलक लावणाऱ्यांचेच फोटो जास्त होते. गावच्या हॉलमध्ये रविवारी सत्कार ठरला, आणि त्याच दिवशी ‘दरवळ’चा केनी विशेषांक काढायचंही ठरलं. संपादक ज्युलियस बँकेतून निवृत्त झालेला भला माणूस. फक्त कुणी नाराज झालेलं त्याला बघवत नाही. संपादकाला हा आजार असला की मासिक गुळगुळीत होतं.

“टीचर, या वेळी जरा मोठं लिहा,” तो फोनवर म्हणाला. “आपल्या पोराचं आहे.”

“ऐकते आणि लिहिते.”

“ऐकायचं काय त्यात! चांगलंच असणार.”

“मग ऐकणारी कशाला हवी? तूच लिही, ज्युलियस.”

टीचर ऐकायला बसल्या. नावेवरचं गाणं लागलं आणि बोंबलावरचा हात तसाच थांबला. नुसतं मेंडोलिन आणि गाणाऱ्याचा श्वास. शब्द खाली उतरतात तिथे चालही उतरते, कुठे घाई नाही. एका बोटावरही चाल ठाम उभी राहिली. दुसरं गाणं चर्चमधलं, चार आवाजांच्या गुंफणीचं. त्यातली अल्टोची ओळ कानावर आली आणि टीचर खुर्चीत सरळ बसल्या. ती ओळ सोप्रानोच्या मागे शेपटीसारखी फिरत नव्हती, आपल्या पायांनी चालत होती. “शिकलं गाढव,” असं त्या रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

पुढे मात्र उतरण लागली. गावभर वाजत असलेलं शीर्षकगीत एका बोटावर घेतलं तर हाती चार सूर आले. पुन्हा तेच चार, आणि पुन्हा तेच. अंतऱ्याचा पत्ता नाही. पार्टीचं गाणं म्हणजे पत्र्याचा डबा बडवून पोरांना जेवायला बोलवावं तसलं. पाचवं गाणं म्हणजे शीर्षकगीतच जोरात पळवलेलं, शिळ्या कढीला ऊत. टीचरनी प्रत्येकाला तीन तीन वेळा संधी दिली. त्या न्यायी होत्या, दयाळू नव्हत्या.

सहावं गाणं पाठवणीचं. यावरच तर सगळा देश रडत होता. मोबाइलवर कुणीही उठून आपल्या बहिणीच्या लग्नाचं चित्रीकरणावर हे गाणं चढवत होतं. नायिका बापाच्या गळ्यात पडते, आणि मागून म्हाताऱ्या बायकांचा कोरस उठतो, संथ, खोल, काळीज हलवणारा. टीचरच्या अंगावर काटा आला. मग शब्द कानात शिरले.

“मिरची कांडा गो, हळद कांडा,
चुलीशी बसलाय चोर, त्याला कान धरून आणा…”

हे पाठवणीचं गाणं नव्हतंच! लग्नाआधी मांडवात मसाला कुटतात, तेव्हाचं थट्टेचं गाणं होतं. माशाचे तळलेले तुकडे पळवायला चुलीपाशी घुटमळणाऱ्या पाहुण्याला त्यात चिमटे काढतात. नायिका हुंदके देतेय, बाप कोसळतोय, आणि मागे नंदाखालच्या बायका चोराचा कान पिळतायत. टीचर इतक्या हसल्या, की उठून पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्यांदा ऐकताना हसू ओसरलं. आवाज ओळखीचे होते, पण सरळ झाले होते. म्हातारपणाची थरथर, मध्येच लागणारा दम, सगळं यंत्रानं काढून टाकलं होतं, सुरकुती इस्त्रीनं काढावी तसं. तिसऱ्यांदा पायपेटीवर घेतली तर चाल इतकी सहज उभी राहिली, की टीचरना आपलं बोट मध्ये लुडबुडतंय असं वाटलं. सिनेमातली सगळ्यात चांगली चाल हीच होती, आणि ती केनीची नव्हती. नावं कुणाची आहेत ते बघायला त्यांनी मोबाइल डोळ्याशी धरला. ‘पारंपरिक’ असं लिहिलं होतं, आणि खाली ‘कोरस – गाँव की महिलाएँ’.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर कार्मिन डाबरेच्या पडवीत जाऊन बसल्या. कार्मिन चौऱ्याऐंशीची. गावातल्या लग्नांत गाणाऱ्या बायकांची ती पुढारी. ती वाल सोलत होती.

“केनी मशीन घेऊन आलता,” कार्मिन म्हणाली. “बोल्ला, आजी, पाठवणीचं गाणं म्हणा. आता तूच सांग टीचर, मांडव नाय घातला, मसाला नाय कुटला, विहिरीचं पाणी नाय आणलं, आणि एकदम पोर सासरी धाडायची? असं कुणी करतं का? आमी मांडवापासून धरलं. मसाल्यापर्यंत आलो आणि त्याच्या बरोबरचा मानूस बोल्ला, टाइम संपला.”

“म्हणजे पाठवणीचं गायलाच नाहीत?”

“तिथवर पोचलोच नाय गो.”

“आणि केनीला कळलं नाही, हे मसाल्याचं आहे म्हणून?”

कार्मिन हसली. तिचे खालचे दोनच दात उरले होते. “त्याच्या बहिणीच्या लग्नात हेच गायलो आमी. चुलीशी बसलेला चोर तोच होता.”

वाल सोलता सोलता तिनं पुढचंही सांगितलं, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं. नात सँड्रा तिला वसईत सिनेमाला घेऊन गेली. नावं शेवटी येतात असं केनीनं सांगितलं होतं, म्हणून सिनेमा संपला तरी कार्मिन उठली नाही. सगळे गेले, दिवे लागले, झाडूवाली आली, तिनं कार्मिनला पाय वर घ्यायला लावून खालून झाडलं. पडद्यावर बारीक अक्षरं मुंग्यांसारखी धावत होती आणि सँड्रा डोळे फाडून वाचत होती.

“माझं नाय आलं. कुणाचंच नाय. सात जनी होतो आमी,” कार्मिन म्हणाली. “आमच्यातल्या इनासला तर सिनेमा पण नाय दिसला. ईस्टरच्या आधी, उपवासकाळातच वारली ती.”

तिनं तक्रार केली असती तर टीचरना एवढं लागलं नसतं. तिनं केली नाही. घरी येईपर्यंत टीचरचं डोकं तापलं होतं.

लेख त्यांनी एका बैठकीत लिहिला. ‘जमलं’मध्ये नावेचं गाणं, चार आवाजांचं गाणं, त्यातली अल्टोची ओळ. हातचं राखून नाही, भरभरून लिहिलं. ‘फसलं’मध्ये चार सुरांचं शीर्षकगीत, डबा, शिळी कढी. आणि शेवटी लिहिलं, “या सिनेमातली सर्वांत सुंदर गोष्ट आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट एकाच गाण्यात आहे. ज्या बायकांच्या आवाजावर देश रडला त्यांची नावं द्यायला जागा मिळाली नाही, म्हणून मी ती इथे देते.” खाली सात नावं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

ज्युलियसला त्यांनी हस्तलिखित दिलं तेव्हा स्पष्ट सांगितलं, छापायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. ज्युलियस वाचता वाचता पांढरा पडला. “बरं,” म्हणाला. या ‘बरं’चा अर्थ टीचरना तेव्हाच कळायला हवा होता. पण बारा वर्षं त्यांचा एक शब्द कुणी कापला नव्हता.

शुक्रवारी केनीचा फोन आला. कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती.

“टीचर, चुका मला सांगा ना. छापता कशाला?”

“मग जमलेलंही तुलाच सांगू का? ते छापलेलं चालतं तुला.”

“नावांचं माझ्या हातात नव्हतं. कंपनीचं असतं ते सगळं.”

“तू एकदा तरी म्हणालास का, ही नावं घाला?”

“टीचर, माझा पहिला सिनेमा आहे.”

“त्यांचाही पहिलाच होता. आणि शेवटचा.”

“पण ते मसाल्याचं गाणं आहे हे कुणाला कळतं? सगळा देश रडतोय!”

“नंदाखालला कळतं. नंदाखाल देशात नाही का?”

त्यानं फोन ठेवला. एरवी ठेवताना तो ‘देव बरं करो’ म्हणायचा, तेही म्हणाला नाही. टीचर बराच वेळ पायपेटीपाशी बसून राहिल्या. हात दाखवून अवलक्षण करतेय का मी, असंही त्यांच्या मनात आलं. पोर तुटेल, पान जाईल, आणि पान गेलं तर सकाळी उठून करायचं काय? ज्युलियसला फोन करून नावं तेवढी काढ म्हणावं, म्हणून मोबाइल उचललाही. मग झाडूवालीसाठी पाय वर घेऊन बसलेली कार्मिन डोळ्यांपुढे आली, आणि त्यांनी तो परत ठेवला.

रविवारी हॉल गच्च भरला. मंचावर केनी, त्याचे आईबाप, ज्युलियस, आणि पुष्पगुच्छ द्यायला टीचर. विशेषांकाची दोरी सुटली, टाळ्या पडल्या, अंक हातोहात गेले. टीचरनी सवयीनं मागून उघडला. पानावर फक्त ‘जमलं’ होतं. जिथे ‘फसलं’ असायचं तिथे चर्चच्या कॉयरच्या पांढऱ्या झग्यातला छोट्या केनीचा फोटो, आणि खाली टीचरच्या नावानं एक ओळ, “केनी, साऱ्या गावाला तुझा अभिमान आहे!”

उद्गारचिन्ह! बारा वर्षांत टीचरनी एकदाही उद्गारचिन्ह वापरलं नव्हतं.

“जागा नव्हती, टीचर,” ज्युलियस शेजारून कुजबुजला.

“फोटोला झाली,” टीचर म्हणाल्या, आणि पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून त्यांनी माइक हातात घेतला.

“या पानावर माझं नाव आहे आणि लेख अर्धा आहे. अर्धं खरं माझ्या नावावर खपवलेलं मला चालत नाही. राहिलेलं मी वाचते.” त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. पक्की प्रत तयार झाल्यावर कच्ची जपून ठेवायची, ही गणिताच्या बाईची सवय.

केनीचा काका गॉडफ्रे दुसऱ्या रांगेतून उठला. “टीचर, आज नको. आज आनंदाचा दिवस आहे.”

“म्हणूनच वाचते. दुःखाच्या दिवशी मी कुणाचे दोष काढत नाही. बस, गॉडफ्रे.”

गॉडफ्रे बसला. सातवीत तो टीचरच्याच वर्गात होता.

“हे पान आता बंद समजा,” ज्युलियस मागून म्हणाला.

“समजले,” टीचर मागे न बघता म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या.

चार सुरांचं शीर्षकगीत आलं तेव्हा हॉलमध्ये नाराजीची कुजबुज झाली. शिळ्या कढीला मागची तरुण पोरं हसली. मसाल्याच्या गाण्याचे शब्द टीचरनी सावकाश वाचले, आणि मग एकाएकी सगळा हॉल हसला, कारण चोराचा कान सगळ्यांनाच ठाऊक होता. गेले तीन आठवडे या गाण्यावर डोळे पुसताना एकालाही तो ऐकू आला नव्हता. हसता हसता लोक ओशाळले. केनी हसला नाही. तो मान खाली घालून पायांकडे बघत होता, आणि टीचरनी ते पाहिलं. तरी त्या थांबल्या नाहीत.

“त्यांची नावं द्यायला जागा मिळाली नाही, म्हणून मी ती इथे देते,” त्यांनी वाचलं आणि पहिल्या नावासाठी श्वास घेतला.

“थांब गो टीचर.”

तिसऱ्या रांगेतून कार्मिन उठली होती. सँड्राच्या खांद्याला धरून ती सरळ उभी राहिली. माइकची तिला गरज नव्हती.

“तू नको वाचू. तू कशाला वाचतेस? तू घातलीच होतीस नावं.” तिनं मंचाकडे बोट केलं. “केनी, बाळा, तू वाच.”

केनीची आई त्याच्या बाहीला हात लावून काहीतरी म्हणत होती, बहुतेक जाऊ नको म्हणत असावी. केनी उठला. टीचरनी कागद पुढे केला. त्याच्या नजरेत राग होता, आणि तो त्यानं लपवलाही नाही. टीचरनीही नजर वळवली नाही. तो असाच रागात राहिला तरी त्यानं हे वाचायलाच हवं, असं त्यांना वाटत होतं.

“कार्मिन पास्कोल डाबरे,” त्यानं वाचलं.

“हाय,” कार्मिन म्हणाली. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती, पण हजेरी कशी देतात ते तिला ठाऊक होतं.

“व्हेरोनिका जोकिम तुस्कानो.”

“हाय.” खांबापाशी एक म्हातारी उठली.

“फिलोमिना आंतोन लोपीस.”

“हाय.”

“लुर्दीन मिंगेल परेरा.”

“हाय, हाय,” मागून आवाज आला, आणि दोघांनी धरून तिला उभं केलं.

“इनास बॅप्टिस्ट डिमेलो.”

कुणी बोललं नाही. केनीनं मान वर करून हॉलभर पाहिलं, आणि मग इनास गेल्याचं त्याला आठवलं. हातातला कागद हळूहळू खाली आला. पुढचं नाव त्याला काही केल्या वाचवेना.

“हाय,” कार्मिन मोठ्यानं म्हणाली. “पुढचं वाच.”